केस काळा राहतो कसा

रामाला राज्य द्यावं हे दशरथाच्या मनात कसं आलं, ते कालिदासाने रघुवंशाच्या बाराव्या सर्गात सांगितलं आहे. म्हातारपण पांढऱ्या केसाचं सोंग घेऊन राजाच्या कानाशी आलं आणि कैकेयीच्या धाकाने हळूच कुजबुजलं, की आता कारभार रामाकडे दे. जातककथेतल्या मखादेव राजाने तर न्हाव्याला सांगूनच ठेवलं होतं, पहिला पांढरा केस दिसला की मला कळव. न्हाव्याने तो केस सोन्याच्या चिमट्याने उपटून राजाच्या तळहातावर ठेवला आणि राजा सिंहासन सोडून निघाला. भारहुतच्या स्तूपावर ही कथा दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरली गेली.

कालिदासाची नजर किती बारीक होती बघा. पुरुषांचे केस बहुधा आधी कानशिलांवरच पिकतात, मग डोक्याच्या वरच्या भागावर, आणि मानेकडचे सगळ्यात शेवटी. म्हातारपण कानाशीच येतं, हे त्याने नुसतं कल्पनेने लिहिलेलं नाही.

केस मुळात काळा असतो आणि वय झालं की त्याचा रंग उडतो, अशी आपली समजूत असते. घडतं ते याच्या उलट. केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनतो, त्याला स्वतःचा रंगच नाही. टाळूच्या कातडीत जवळपास एक लाख रोमकूप असतात. प्रत्येकाच्या तळाशी नव्या पेशी भराभर तयार होतात, एकमेकींना वर ढकलतात, वाटेत कडक होऊन मरतात आणि केस होऊन बाहेर येतात. दिवाळीत सोऱ्यातून चकली पडते तसंच हे. मीठ-तिखट पिठात कालवायचं तेवढंच. चकली एकदा बाहेर पडली की वरून काही करता येत नाही. रोमकूपाच्या तळाशी बसलेल्या मेलॅनोसाइट नावाच्या पेशी मेलॅनिनचे कण तयार करून शेजारच्या पेशींच्या हवाली करत राहतात, म्हणून केस काळा निघतो. त्यांनी काम थांबवलं की तोच केस, तेवढ्याच वेगाने, बिनरंगी निघतो. तो पांढरा दिसतो कारण त्याच्यावर पडलेला उजेड आत शोषला न जाता सगळीकडे विखुरतो. करडा केस असा सहसा नसतोच. करडं दिसतं ते डोकं, काळ्या आणि पांढऱ्या केसांच्या सरमिसळीमुळे.

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. डोक्यावरचा एक केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो, मग थांबतो, काही महिन्यांनी गळतो आणि त्याच रोमकूपातून नवा उगवतो. केसाची वाढ थांबली की त्याला रंग देणाऱ्या पेशीही मरतात. नव्या केसासाठी नवी फौज लागते, आणि ती येते रोमकूपातच थोडी वर राहणाऱ्या मूलपेशींकडून. म्हणजे तुमचा प्रत्येक काळा केस दर काही वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून काळा केला जातो. एक लाख जागी, प्रत्येक जागी वेगळ्या वेळी, आणि तीस-चाळीस वर्षं आपल्याला त्याचा पत्ताही नसतो!

मग हे बिघडतं कुठे? 2023 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या रोमकूपातल्या या मूलपेशींचा माग काढला. त्या एका जागी बसून राहत नाहीत. दोन कप्प्यांमध्ये ये-जा करतात, खालच्या कप्प्यात रंग देण्याच्या तयारीला लागतात आणि पुन्हा मूळ अवस्थेत परततात. वय वाढतं तसतशा त्यातल्या पुष्कळशा वरच्याच कप्प्यात अडकून पडतात. पेशी असतात, पण कामाच्या जागी पोहोचत नाहीत. हार्वर्डमध्ये 2020 साली दुसरी वाट सापडली. तीव्र ताणात अनुकंपी (सिंपथेटिक) मज्जातंतूंमधून नॉरएपिनेफ्रिन सुटतं. त्याने या मूलपेशी एकदम कामाला लागतात, पुढच्या खेपेसाठी काही शिल्लक राहत नाही आणि उंदीर पांढरा होतो. काळजीने केस पांढरे झाले असं आपल्या आज्या म्हणत, त्याला निदान उंदरांपुरता तरी आधार मिळाला.

माणसांतही एक सुंदर अभ्यास झाला आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे त्याच्या लांबीवर गेल्या महिन्यांची नोंद असते. कंगव्यात अडकलेला एखादा अर्धा काळा, अर्धा पांढरा केस पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. मुळापासून रंग बदलतो तिथपर्यंतचं अंतर मोजलं की किती महिन्यांपूर्वी काय घडलं त्याचा अंदाज येतो. कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने 14 जणांचे असे केस तपासले आणि 2021 मध्ये निष्कर्ष मांडले. काही केसांत उलटा प्रवास दिसला, टोक पांढरं आणि मूळ पुन्हा काळं. एकाने सुट्टी घेतली होती, त्याच काळात त्याच्या डोक्यावरचे पाच केस एकदमच परत काळे झाले होते. यावरून पिकलेलं डोकं सुट्टीवर गेल्याने काळं होईल असं मात्र समजू नका. हे घडतं ते उंबरठ्यावरच्या, नुकत्याच पांढऱ्या झालेल्या केसांत.

अनुवंशाचा भाग मोठा आहे. वडिलांचे केस तिशीत पिकले असतील तर मुलाने आरशापुढे स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही. पंचविशीच्या आत केस पांढरे होऊ लागले तर मात्र बी-12 आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, आणि सिगारेट असेल तर सोडावी. एक पांढरा उपटला की चार येतात हे खरं नाही. त्या रोमकूपातून परत तोच एक येतो, बहुधा पांढराच. वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींना केस मुळापासून काळे करण्याची हमी देऊन तेलाच्या बाटल्या विकल्या जातात, त्याचा मला मनापासून राग येतो. डोक्याला तेल जरूर चोळा, बरं वाटतं. पण मेलेल्या केसात मेलॅनिन तयार करणारं तेल नाही.

केस रंगवण्याची इच्छाही फार जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत सुगंधांच्या अध्यायाची सुरुवातच कलपाने केली. डोकं पांढरं असेल तर हार, अत्तर, कपडे, दागिने काही शोभत नाही, असं त्याचं म्हणणं. हे मला पटत नाही, पण कृती विलक्षण आहे. कोद्र्याचे, म्हणजे आपल्या कोकणातल्या हरकाचे तांदूळ लोखंडी भांड्यात आंबट द्रवात लोखंडाच्या चूर्णाबरोबर शिजवायचे, वाटून डोक्याला थापायचे, वर ओली पानं गुंडाळायची, आणि नंतर आवळ्याचा लेप. आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग धरतो. हिरडा आणि हिराकस घालून जुन्या पोथ्यांची शाई करत, तिचं रसायनही हेच. घरोघरी मेंदी, आवळा आणि चहाचं पाणी रात्रभर लोखंडी कढईत भिजत ठेवतात, तेव्हा त्या कढईत हेच चाललेलं असतं.

मेंदीतलं लॉसोन केराटिनला चिकटतं आणि केशरी-तांबूस रंग देतं. काळ्या केसावर तो जेमतेम दिसतो, पांढऱ्यावर उठून येतो. काळा हवा असेल तर मेंदीवर निळीच्या पानांची पूड लावावी लागते. नुसत्या मेंदीने केस काळे होतात असं पाकिटावर लिहिलं असेल तर पाकीट उलटं करून घटक वाचा. तिथे बहुधा पीपीडी सापडेल.

पीपीडी म्हणजे पॅराफेनिलिनडायअमिन, आजच्या बहुतेक काळ्या डायचा जीव. बाटलीतला अमोनिया केसावरचे खवले उघडतो. पीपीडीचे इवलेसे रेणू आत शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना एकमेकांशी जोडतं, आणि ते एवढे मोठे होतात की त्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणून रंग धुतला तरी जात नाही. आता गंमत अशी की 2009 मध्ये ब्रॅडफर्डच्या संशोधकांना पांढऱ्या केसांच्या रोमकूपात नेमकं हेच पेरॉक्साइड साठलेलं आढळलं. शरीर ते स्वतःच तयार करतं. त्याला मोडणारं कॅटलेज हे विकर वयाबरोबर कमी पडतं आणि मेलॅनिन बनवणारी यंत्रणा निकामी होते. केसाच्या मुळाशी जे रंग घालवतं, तेच बाटलीतून येऊन रंग बसवतं!

मग रंगवावेत की नाही? यात नीती-अनीतीचा प्रश्न आणू नये, असं माझं ठाम मत आहे. नोकरीच्या मुलाखतीसाठी, लेकीच्या लग्नासाठी किंवा उगाच हौस म्हणून कुणी डाय लावला तर त्यात वय चोरणं काही नाही, आणि कुणी नाही लावला तर तो निष्काळजीपणा नाही. ‘अगं, लाव की काहीतरी’ असं बाईला भेटेल तो सुनवतो आणि पुरुषाचे पिकलेले कल्ले रुबाबदार ठरतात, हे मात्र थांबायला हवं.

लावणार असाल तर दर वेळी 48 तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थेंबभर लावून बघा. पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षं डाय लावणाऱ्यालाही अचानक होऊ शकते, आणि झाली की पापण्या, चेहरा सुजतो. ‘अमोनिया-फ्री’ लिहिलेल्या डब्यातही पीपीडी असू शकतं. हिशोबही आधीच करावा. महिन्याला एक सेंटिमीटर म्हणजे तीन-चार आठवड्यांत भांगात पांढरी रेघ उमटणार, आणि पुन्हा बाटली काढावी लागणार.

आणि थांबवणार असाल तर धीर हवा. केस तीस सेंटिमीटर लांब असतील तर डाय पूर्ण निघून जायला अडीच वर्षं लागतात. तेवढं थांबवत नसेल तर केस आखूड करावेत, नाहीतर पार्लरमध्ये उरलेल्या काळ्यात फिकट बटा काढून घ्याव्यात. काळ्या-पांढऱ्यातली सीमा पुसट होते आणि नवे केस वर यायला सवड मिळते.