भाकरी परकी, तरी शरीर भांडत का नाही?

सेनगावात आपण रोज ज्वारीची भाकरी खातो. शरीराच्या लेखी ती परकीच, तरी झुंज होत नाही. आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. चार-पाच दिवसांत तो नवा होतो. त्यातल्या पेशी आतल्या रोगप्रतिकारक पेशींकडे अन्नाचे अंश पोचवतात, ‘आवरा’ असा इशाराही देतात. मग लढाई थोपवणाऱ्या पेशी वाढतात. अशा पेशी ओळखणारे जपानचे शिमोन साकागुची २०२५ च्या नोबेलचे एक मानकरी.

तान्ह्या बाळाचं हे अस्तर अजून कच्चं असतं, आणि आपल्याकडे काही घरांत चीक पिळून टाकतात! तो पिवळसर चीकच अस्तराला जपतो. तासाभरात बाळाला पाजा. सहा महिने वरचं पाणीही नको. जुलाब लागले तर दवाखान्यात न्या, पण अंगावरचं दूध तोडू नका.