पानातले बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू

बुरशी म्हटली, की आपल्याला शिळी भाकरी आणि पावसाळ्यात बिघडलेले लोणचे आठवते. पण कुंडीतल्या झाडाचे तजेलदार, बिनडागाचे पान घेतले, तरी त्याच्या आतही बुरशी राहत असते! ती पानाला आजारी पाडत नाही. पेशींच्या सांदीकोपऱ्यात गुपचूप राहते आणि पान गळले की बहुधा ते कुजवायच्या कामाला लागते. अशा बुरशींना शास्त्रज्ञ 'एंडोफाइट' म्हणतात. आपण त्यांना बिऱ्हाडकरू म्हणू या.

या बिऱ्हाडकरूंची मोजदाद करण्यात चेन्नईचे डॉ. टी. एस. सूर्यनारायणन यांनी अनेक वर्षे घालवली. मैलापूरच्या विवेकानंद कॉलेजात हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या गटाने पाने गोळा केली ती निलगिरीतल्या मुदुमलईच्या रानातून. तिथे साग, ऐन, धावडा, आवळा ही आपल्या ओळखीचीच झाडे आहेत. त्यातला कोरडा भाग म्हणजे उंच गवत आणि मधूनमधून झाडे, म्हणजेच सॅव्हाना. आपल्याकडच्या माळरानाचा हा सख्खा भाऊ.

पद्धत ऐकाल तर स्वयंपाकघरातलीच वाटेल. पान धुवायचे, अल्कोहोल आणि ब्लीचच्या द्रावणात बुडवून वरचे जंतू मारायचे, त्याचे अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि बटाट्याच्या अर्काच्या जेलीवर ठेवायचे. काही दिवसांत कडेतून धागे डोकावतात. बाहेरचे सगळे मेलेले, तेव्हा हे आतूनच आलेले!

वाटले होते, जितकी झाडे तितक्या बुरशी. तसे निघाले नाही. फायलोस्टिक्टा कॅपिटलेन्सिस नावाची एकच बुरशी कितीतरी वेगवेगळ्या झाडांच्या पानांत ठाण मांडून होती. पावसाळ्यात मात्र बिऱ्हाडे वाढलेली दिसली.

खरे नवल पुढे आहे. उन्हाळ्यात या कोरड्या रानांना वणवे लागतात. मग बुरशी टिकते कशी? गळलेल्या पानांवरच्या काही बुरशींचे बीजाणू ओव्हनमध्ये तापवले, तेव्हा १०० ते ११५ अंश सेल्सिअसच्या कोरड्या उष्णतेत दोन तास काढूनही ते रुजले. इडलीपात्रातले पाणी १०० अंशांवर उकळते, यावरून कल्पना करा. अमेरिकेच्या निकोलस मनी यांच्यासह २०११ साली प्रसिद्ध केलेल्या या शोधनिबंधाला त्यांनी नाव दिले 'अग्नीच्या बुरशी'. नाव झकास आहे!

याचा आपल्याला उपयोग काय, असे घरातले कोणी विचारेलच. पनामात कोकोच्या रोपांवर २००३ साली प्रयोग झाले. ज्या पानांत असे बिऱ्हाडकरू होते, त्यांचे रोगाने कमी नुकसान झाले. कर्करोगावरचे टॅक्सॉल यू वृक्षातल्या बुरशीत सापडल्याचे १९९३ साली जाहीर झाले तेव्हा मोठा गाजावाजा झाला. पुढे त्यावर शंकाही घेतल्या गेल्या. त्यामुळे औषधांच्या बातम्या जरा जपूनच वाचाव्यात.

पण माळरानाचे काय? सरकारी दप्तरात अशा जमिनी वर्षानुवर्षे 'पडीक' म्हणून लिहिल्या गेल्या. त्या नांगरल्या, तिथे एकाच जातीची परकी झाडे लावली, की जुनी झाडे जातात आणि त्यांच्या पानांतली बिऱ्हाडेही उठतात.