रामनगरच्या कातळाचे वय

‘शोले’मधले रामगढ उभारले होते ते कर्नाटकातल्या रामनगरच्या टेकड्यांत. गावाचे इंग्रजी अमदानीतले नाव क्लोजपेट, म्हणून तिथल्या खडकाला भूशास्त्रात ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ म्हणतात. दक्षिणोत्तर सुमारे ४०० किलोमीटरचा हा पट्टा. याचे वय किती, असे कुणी विचारले की मी आधी उलटा प्रश्न करतो: कुठल्या घटनेपासून मोजायचे?

उघड्या कातळावर एवढे दिसते, की ग्रॅनाइटच्या शिरा शेजारच्या पट्टिताश्मात शिरल्या आहेत. घुसणारा धाकटा, हे उघड. पण त्यातून क्रम कळतो, वर्षे कळत नाहीत.

वर्षे सांगतो झिरकॉन. शिलारस थिजताना हा बारीक स्फटिक तयार होतो. घडताना तो युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळजवळ थारा देत नाही. तेव्हा आज त्यात सापडणारे शिसे बहुतांशी तिथेच, युरेनियमच्या विघटनातून जन्मलेले. शिवाय घड्याळे दोन. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, युरेनियम-२३५ चे ७० कोटी. मधल्या काळात शिसे निसटले असेल, तर दोघांची वेळ जुळत नाही आणि चोरी पकडली जाते. ही सोय मला फार आवडते.

१९९१ मध्ये फ्रेंड आणि नटमन यांनी झिरकॉनवरून या ग्रॅनाइटचे वय २५१.३ कोटी वर्षे दिले. मागेपुढे ५० लाख. म्हणजे मूळच्या दर १०० युरेनियम-२३८ अणूंपैकी सुमारे ३२ चे शिसे झाले. युरेनियम-२३५ चे मात्र जेमतेम ८ उरले.

फसगत होते ती पुढे. ग्रॅनाइटचा रस बहुधा जुने खडक वितळून बनतो. त्यातला एखादा जुना झिरकॉन न वितळता तसाच राहतो आणि त्याच्याभोवती नवा थर चढतो. असा कण अख्खा विरघळवून मोजला, तर दोन वयांची भेसळ हाती येते. त्या तारखेला काहीच घडलेले नसते. फ्रेंड-नटमन यांनी वापरलेले ‘श्रिंप’ हे यंत्र आयनांच्या झोताने मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागाएवढा ठिपका तपासते. त्यामुळे गाभा आणि कड वेगळी वाचता येते. ग्रॅनाइट कधी घुसला, हे कड सांगते.

अभ्रकाचे पोटॅशियम-आर्गॉन घड्याळ उलट बाजूला झुकते. साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर त्यात आर्गॉन टिकत नाही. खडक त्याखाली निवल्यावरच ते चालू होते. पुढे खडक पुन्हा तापला, तर काटे पुन्हा शून्यावर. ‘ग्रॅनाइटचे वय’ म्हणून छापलेला आकडा अभ्रकावरून काढलेला असला, तर मी तो निवण्याची तारीख म्हणूनच वाचतो.