वज्राघात (कादंबरी)

वज्राघात ही हरी नारायण आपटे यांनी लिहिलेली मराठी ऐतिहासिक कादंबरी आहे. विजयनगर साम्राज्याचा कर्ताधर्ता रामराजा आणि मेहेरजान ही मुसलमान युवती यांची प्रेमकथा, आणि इ.स. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत झालेला विजयनगरचा पाडाव, असे दोन धागे या कादंबरीत एकत्र विणलेले आहेत. लढाई आणि तीत लढलेले राज्यकर्ते ऐतिहासिक आहेत; प्रेमकथा लेखकाच्या कल्पनेतील आहे. मराठीतील मध्ययुगीन पार्श्वभूमीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांमध्ये या कृतीला महत्त्वाचे स्थान आहे.

लेखक आणि प्रकाशन

हरी नारायण आपटे (८ मार्च १८६४ – ३ मार्च १९१९) यांचा जन्म खानदेशातील पारोळे येथे झाला. १८९० साली त्यांनी पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या प्रथम या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाल्या व नंतर पुस्तकरूपाने आल्या. 'वज्राघात'चे लेखन १९१३ ते १९१५ या काळातील आहे. 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' या शिवकालीन आणि 'चंद्रगुप्त' या मौर्यकालीन कादंबरीनंतर आपटे येथे दक्षिणेच्या इतिहासाकडे वळले.

या काळापर्यंत विजयनगरविषयीची बरीच नवी साधने वाचकांच्या हाती आली होती. रॉबर्ट सिवेल यांचा विजयनगरच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. डोमिंगो पाइश आणि फर्नांव नुनीश या पोर्तुगीजांनी लिहिलेली वर्णने त्यात इंग्रजी भाषांतरासह दिलेली होती. त्यामुळे विस्मृतीत गेलेल्या या नगरीचे वैभव सुशिक्षित वर्गाच्या चर्चेचा विषय झाले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कृष्णदेवरायाचा मृत्यू १५२९ मध्ये झाला. १५४२ नंतर गादीवर सदाशिवराय असला, तरी प्रत्यक्ष कारभार कृष्णदेवरायाचा जावई रामराय याच्या हाती होता. इतिहासात तो 'अळिय रामराय' या नावाने ओळखला जातो. कन्नडमध्ये 'अळिय' म्हणजे जावई. राजवंशात न जन्मलेल्या या पुरुषाला सत्तेचा अधिकार विवाहाने मिळाला होता, ही गोष्ट कादंबरी समजून घेताना विशेष लक्षात ठेवावी लागते.

अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही यांच्या आपसातील वैराचा रामरायाने दीर्घकाळ उपयोग करून घेतला. कधी एका सुलतानाच्या बाजूने, तर कधी दुसऱ्याच्या, अशी त्याची नीती होती. विजापूरच्या अली आदिलशहाला साथ देऊन त्याच्या फौजा निजामशाही मुलखातही शिरल्या होत्या. अखेरीस या अपमानांनी सुलतान एकत्र आले. हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी हिचा विवाह अली आदिलशहाशी झाला आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरला मिळाला. अलीची बहीण निजामशाही राजपुत्र मुर्तजा याला देण्यात आली. या सोयरिकींनी युतीची गाठ पक्की झाली.

२३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णा नदीच्या परिसरात निर्णायक लढाई झाली. तिला तालिकोटची किंवा राक्षसतागडीची लढाई म्हणतात. युतीच्या मध्यभागी हुसेन निजामशहा आणि त्याचा तोफखाना होता. फिरिश्ता या इतिहासकाराच्या वर्णनानुसार, शत्रू जवळ येताच तोफांमध्ये तांब्याची नाणी भरून मारा करण्यात आला. वृद्ध रामराय पकडला गेला आणि हुसेन निजामशहाच्या आज्ञेने त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा भाऊ तिरुमल हा सदाशिवराय आणि खजिना यांच्यासह पेनुकोंड्याकडे निघून गेला. त्यानंतर राजधानी लुटली व उद्ध्वस्त केली गेली. तिचे अवशेष आज हंपी येथे आहेत.

कथानक आणि पात्रे

कादंबरीतील रामराजा तरुणपणी मेहेरजानच्या प्रेमात पडतो. परंतु सत्तेचा मार्ग राजघराण्याच्या जावईपणातून जातो हे दिसताच तो तिचा त्याग करतो. मेहेरजान त्याच्या आयुष्यातून निघून जाते. तिचा पुत्र रणमस्तखान विजापूरच्या पक्षात वाढतो आणि आपल्या जन्माचे रहस्य न जाणता विजयनगरच्या विरोधात उभा राहतो. रणमस्तखान आणि नूरजहान यांच्या रूपाने पुढील पिढीची प्रेमकथाही कादंबरीत येते. ही नूरजहान मोगल सम्राज्ञीहून अर्थातच वेगळी, कल्पित व्यक्ती आहे. पिता-पुत्रांमधील हे न ओळखलेले नाते अखेर तालिकोटच्या रणभूमीपर्यंत जाऊन पोहोचते.

'वज्राघात' हे नाव त्यामुळे दोन अर्थांनी सार्थ ठरते. तो साम्राज्यावरील आघात आहे, तसाच एका स्त्रीला दिलेले वचन मोडणाऱ्या पुरुषावर उलटलेला आघातही आहे. रामराजाच्या ठायी पराक्रम, बुद्धी व राजकारणकौशल्य असूनही त्याचा घात बाहेरच्या शत्रूपेक्षा त्याच्या स्वतःच्या जुन्या कृत्यातून होतो, अशी कादंबरीची मांडणी आहे. मेहेरजान ही केवळ टाकून दिलेली प्रेयसी न राहता, तिच्या दुःखाचा परिणाम राज्यांच्या भवितव्यावर होतो. विजयनगरच्या पाडावाची कथा सांगताना तिचा उगम एका उपेक्षित स्त्रीच्या आयुष्यात शोधणे, हे या कादंबरीचे वैशिष्ट्य आहे.

इतिहास आणि कल्पित

स्कॉटलंडचे कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनाचा भारतीय भाषांतील ऐतिहासिक कादंबरीवर मोठा प्रभाव पडला. स्कॉट यांच्या अनेक कादंबऱ्यांत नायक कल्पित असतो आणि राजे-सेनापती कथेच्या कडेला वावरतात. त्यामुळे ज्ञात इतिहासाला धक्का न लावता प्रेम, वियोग, रहस्य आणि साहस यांना वाव मिळतो. आपटे यांनी 'वज्राघात'मध्ये याहून धाडसी मार्ग घेतला. येथे प्रेमकथेचा नायक स्वतः रामराजाच आहे. खऱ्या राज्यकर्त्याच्या खाजगी आयुष्यात कल्पित घटना घातल्यामुळे, वाचकाने कोठे इतिहास संपतो व कोठे कादंबरी सुरू होते हे अधिक सावधपणे पाहणे आवश्यक ठरते.

मेहेरजान आणि रणमस्तखान यांची कथा इतिहास म्हणून उद्धृत करता येत नाही. मात्र पिता-पुत्राच्या वैराचा सूर खुद्द इतिहासातही ऐकू येतो. फिरिश्त्याने दिलेल्या हकिकतीनुसार, रामरायाचा एक पुत्र वारला तेव्हा अली आदिलशहा थोडक्या स्वारांनिशी सांत्वनासाठी विजयनगरला गेला आणि रामरायाच्या पत्नीने त्याला पुत्र मानले. हाच मानलेला पुत्र पुढे युतीत सामील झाला. दुसरी हकिकत सीझर फ्रेडरिक या इटालियन प्रवाशाची आहे. तो १५६७ मध्ये विजयनगरात होता. रामरायाच्या सैन्यातील दोन मुसलमान सरदारांनी ऐन लढाईत पाठ फिरवली म्हणून पराभव झाला, असे त्याने लिहिले आहे. घरातला म्हणून जवळ केलेला माणूस समोरच्या बाजूला उभा राहणे, ही कल्पना अशा रीतीने साधनांतही आढळते.

या लढाईचे वर्णन अनेकदा केवळ हिंदू विरुद्ध मुसलमान अशा संघर्षाच्या रूपात केले जाते. साधने याहून गुंतागुंतीचे चित्र दाखवतात. विजयनगरच्या सैन्यात मुसलमान सरदार व सैनिक होते. गोवळकोंड्याचा इब्राहीम कुतुबशहा राज्यावर येण्यापूर्वी सुमारे सात वर्षे विजयनगरच्याच आश्रयाला होता आणि पुढे त्याने तेलुगू कवींना राजाश्रय दिला. प्रेम, नाते, उपकार आणि सूड यांच्या धाग्यांनी ही राज्ये परस्परांशी बांधलेली होती. कादंबरीतील रामराजा व मेहेरजान यांचे नाते कल्पित असले, तरी दख्खनच्या समाजातील ही सरमिसळ त्यातून वाचकापुढे येते.

अहिल्यानगर जिल्ह्याशी संबंध

कथेचा रंगमंच तुंगभद्रा व कृष्णा या नद्यांच्या परिसरात असला, तरी लढाईचा एक प्रमुख सूत्रधार अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) सुलतान होता. त्यामुळे जामखेड, परंडा आणि भोवतालच्या जुन्या निजामशाही मुलखातील वाचकांना या कादंबरीच्या पार्श्वभूमीच्या खुणा जवळच सापडतात. 'मलिक-ए-मैदान' ही प्रसिद्ध तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतण्यात आली. जामखेडच्या शेजारच्या, धाराशिव जिल्ह्यातील परंडा किल्ल्यावर ती पुढे होती आणि तेथून १६३२ मध्ये मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली. तालिकोटच्या लढाईत ही तोफ वापरल्याचे परंपरेने सांगितले जाते. फिरिश्त्याच्या ग्रंथाचे जॉन ब्रिग्ज यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८२९ साली प्रसिद्ध झाले. रामरायाचे म्हणून जतन केलेले शिर दरवर्षी लढाईच्या स्मृतिदिनी अहमदनगरात दाखवले जात असे, अशी नोंद त्यातील टिपेत आहे.

लेखनवैशिष्ट्ये आणि स्थान

साप्ताहिकातून क्रमशः येणाऱ्या कादंबरीला वाचकाची उत्सुकता आठवड्यामागून आठवडे टिकवावी लागे. जन्मरहस्ये, वेषांतरे, अकस्मात होणाऱ्या भेटी आणि लांबलचक संवाद ही त्या काळच्या कादंबरीची लक्षणे या गरजेतूनही आलेली आहेत. आजच्या वाचकाला त्यांतील विस्तार जाणवतो. परंतु रामराजाच्या मनातील प्रेम आणि महत्त्वाकांक्षा यांचा झगडा हा कादंबरीचा गाभा असून, तो या पसाऱ्यातही हरवत नाही.

पुढे ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' (१९७२) या कादंबरीत बाजीराव व मस्तानी यांचे प्रेम केंद्रस्थानी आले. तेथे प्रेमसंबंध ऐतिहासिक आहे आणि त्याचे अंतरंग कल्पनेने भरलेले आहे. 'वज्राघात'मध्ये संबंधच कल्पित असून त्याचा शेवट ज्ञात इतिहासाशी जुळवलेला आहे. ऐतिहासिक कादंबरीच्या अभ्यासात हा भेद उपयोगी पडतो. रामरायाच्या जीवनाने नंतरच्या लेखकांनाही आकर्षित केले. गिरीश कर्नाड यांचे 'राक्षस-तंगडी' (२०१८) हे कन्नड नाटक याच लढाईवर आधारित आहे. राजरक्ताचा नसलेला सत्ताधीश ही व्यथा त्या नाटकातही महत्त्वाची आहे. आपटे यांनी शंभर वर्षांपूर्वी त्याच जावईपणाची किंमत मेहेरजानच्या वाट्याला आलेल्या दुःखातून मांडली होती.