‘साभार’ लिहिलं की झालं? सोशल मीडियावरची साहित्यचोरी आणि कायदा

रविवारी सकाळी कुणीतरी फेसबुकवर आईवरची एक कविता टाकतं. दुपारपर्यंत ती दहा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोहोचते, पण खालचं नाव गळालेलं असतं. संध्याकाळी तीच कविता कुसुमाग्रजांच्या नावाने फिरू लागते. आणि रात्री मूळ कवीलाच विचारलं जातं, “ही कुठून ढापलीस?”

मराठी सोशल मीडियावर हे रोजचंच आहे. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावावर तर त्यांनी कधीच न लिहिलेले मजकूरही खपवले जातात. मग यात नेमका गुन्हा कुठे होतो?

नाव वेगळं, परवानगी वेगळी

दुसऱ्याचं लेखन स्वतःचं म्हणून मिरवणं म्हणजे वाङ्मयचौर्य. परवानगीशिवाय त्याची प्रत काढून प्रसिद्ध करणं म्हणजे कॉपीराइटचा भंग. या दोन गोष्टी एक नाहीत.

तुकारामांच्या अभंगांवर आज कुणाचाही कॉपीराइट नाही. ते कुणीही पोस्ट करू शकतं. पण खाली स्वतःचं नाव घातलं, तर ते वाङ्मयचौर्यच.

कुसुमाग्रजांचं उदाहरण याच्या उलट आहे. त्यांचं निधन १९९९ साली झालं. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. म्हणजे त्यांच्या अशा कवितांवर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे. त्यांचं नाव देऊन अख्खा संग्रह टाकला तरी परवानगी लागतेच. ‘साभार’ हा शब्द परवानगीची जागा घेत नाही.

कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा १९५७ चा असला तरी फेसबुक पोस्ट, फोटो, रील यांनाही तो लागू होतो. स्वतःचं काही लिहिलं किंवा फोटो काढला की हक्क आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. मात्र संरक्षण कल्पनेला नसतं, मांडणीला असतं. पावसावर कविता कुणीही लिहावी, तुमच्या ओळी उचलू नयेत. परीक्षण किंवा टीकेसाठी मोजका भाग उद्धृत करायलाही कायद्याची मुभा आहे.

कलम ५७ नुसार लेखकाला ‘हे माझं आहे’ असं सांगण्याचा खास हक्क आहे. कॉपीराइट विकल्यावरही तो त्याच्याकडेच राहतो. जाणूनबुजून कॉपीराइटचा भंग केल्यास कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. आर्थिक फायदा हा हेतू नसेल, तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं.

तुमची पोस्ट चोरीला गेली तर?

- आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख, अकाउंटचं नाव आणि लिंक दिसली पाहिजे. भांडण नंतर, कारण समोरचा पोस्ट डिलीट करू शकतो.
- मूळ मसुदा, फोटोची मूळ फाइल आणि स्वतःच्या पोस्टची लिंक जपून ठेवा.
- फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबवर कॉपीराइट तक्रारीचा वेगळा फॉर्म असतो, तोच भरा. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनेल बंद होऊ शकतं.
- भारतीय नियमांनुसार योग्य तपशिलासह लेखी तक्रार मिळाल्यावर, ती ग्राह्य वाटल्यास, कंपनीने ३६ तासांत मजकूर हटवायचा असतो. पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र हात टेकावे लागतात. नाव नेमकं कोणत्या ग्रुपवर गळालं, हे शोधणं जवळपास अशक्य असतं.

वाचक म्हणून काय करता येईल?

कॉपी-पेस्टऐवजी शेअरचं बटण वापरा, म्हणजे मूळ लेखकाचं नाव सोबत जातं. नाव माहीत नसेल तर अंदाजाने मोठ्या लेखकाचं नाव चिकटवू नका. सोशल मीडियावर लिहिणाऱ्या बहुतेकांना मानधन मिळत नाही. लेखनाखालचं नाव एवढीच त्यांची कमाई असते आणि फॉरवर्ड करताना नेमकी तीच गळते.