स्मार्ट दूरचित्रवाणी संचाची मंदगती आणि कॅशे साठ्याची स्वच्छता : ग्रामीण वर्गाध्यापनाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
शाळा-महाविद्यालयांतील स्मार्ट दूरचित्रवाणी संच काही काळाच्या वापरानंतर मंद होतात. अशा वेळी 'कॅशे साफ करा' हा सल्ला सर्रास दिला जातो. कॅशे म्हणजे नेमके काय, तो साफ केल्याने कोणती मंदगती दूर होते व कोणती होत नाही, तसेच मर्यादित इंटरनेट जोडणी असलेल्या ग्रामीण वर्गात हा उपाय कोणत्या तारतम्याने योजावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : स्मार्ट दूरचित्रवाणी संच, कॅशे, साठवण, कार्यस्मृती, वर्गाध्यापन.

१. प्रस्तावना

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळातील संचाचा दोष डोळ्यांना दिसत असे. पडद्यावर मुंग्या आल्या की कोणीतरी छपरावर चढून अँटेना फिरवी आणि चित्र स्वच्छ होई. त्या संचाला स्मृती नव्हती. तो येणारे चित्र केवळ दाखवीत असे. आजचा स्मार्ट संच हा वस्तुतः मोठा पडदा असलेला संगणक होय. त्याला प्रक्रियक आहे, कार्यस्मृती आहे, साठवण आहे. त्यामुळे त्याचे दोषही संगणकाचेच आहेत आणि त्यांपैकी सर्वांत त्रासदायक दोष मंदगतीचा आहे.

महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. ठाणे जिल्ह्यातील पष्टेपाड्यासारख्या जिल्हा परिषद शाळांच्या उदाहरणाने डिजिटल वर्गाची कल्पना गावोगाव पोहोचली. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ उपलब्ध झाले. शासकीय निधीतून, तसेच लोकवर्गणीतून वर्गावर्गांत पडदे आले. मात्र संच बसविण्याकडे जितके लक्ष दिले गेले, तितके तो सुस्थितीत राखण्याकडे दिले गेले नाही. मंद झालेल्या संचावर काही दिवसांनी कापडी आच्छादन चढते आणि शिक्षक पुन्हा खडू-फळ्याकडे वळतो. खडू-फळ्यात उणे काही नाही. परंतु जे फळ्यावर दाखविता येत नाही, ते विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावयाचे राहून जाते.

२. प्रश्नाचे स्वरूप : खर्डा येथील एक तासिका

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव बीड व धाराशिव या जिल्ह्यांच्या सीमेलगत आहे. ११ मार्च १७९५ रोजी येथे मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि अखेर त्याला तह करावा लागला. हा प्रसंग येथील विद्यार्थ्यांना शिकवावयाचा आहे, असे समजू. किल्ल्याची तटबंदी त्यांच्या रोजच्या पाहण्यातील आहे. परंतु दोन्ही सैन्यांची वाटचाल आणि लढाईपूर्वीच्या छावण्या तटबंदीवरून कळत नाहीत. त्यासाठी नकाशा व चित्रफीत लागते.

अठ्ठेचाळीस मिनिटांची तासिका. हजेरी झाली, संच सुरू केला. मुखपृष्ठ उमटण्यास दोन मिनिटे गेली, ॲप उघडण्यास तीन, शोधचौकटीत प्रत्येक अक्षर उमटण्यास काही क्षण. नकाशा दिसेपर्यंत दहा मिनिटे सरली आणि वर्गाचे लक्षही सरले. हे चित्र काल्पनिक असले, तरी अध्यापकांना अपरिचित नाही. येथे विचारावयाचा पहिला प्रश्न 'कॅशे कसा साफ करावा' हा नसून 'संच कशामुळे मंद झाला' हा आहे.

३. कॅशे : संकल्पना

'कॅशे' या शब्दाचे मूळ फ्रेंच भाषेत असून त्याचा अर्थ लपवून ठेवण्याची जागा असा होतो. शब्दार्थाने तो आपल्याकडील धान्याच्या पेवाजवळ जातो. कार्याने मात्र तो पेवाच्या उलट, म्हणजे स्वयंपाकघरातील मिसळणाच्या डब्यासारखा आहे. हळद, तिखट, मोहरी यांचा मोठा साठा कोठीत असतो. परंतु प्रत्येक फोडणीला कोठीत जावे लागू नये म्हणून थोडे-थोडे जिन्नस हाताशी ठेवलेले असतात. वारंवार लागणारी माहिती दूरच्या व संथ साठ्यातून पुनःपुन्हा न आणता जवळच्या व जलद जागी तिची प्रत ठेवणे, म्हणजे कॅशे होय. ही कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये संगणकाच्या स्मृतीसंदर्भात मांडली आणि आयबीएमच्या सिस्टम/३६० मालिकेतील १९६८ मध्ये जाहीर झालेल्या मॉडेल ८५ या संगणकात ती व्यावसायिक स्तरावर आली.

स्मार्ट संचातील प्रत्येक ॲप आपला स्वतंत्र कॅशे बाळगते. चित्रफितींची लघुचित्रे, मुखपृष्ठाची मांडणी, बोधचिन्हे इत्यादींच्या प्रती त्यात असतात. म्हणजेच कॅशे हा मूलतः गती वाढविण्यासाठी निर्माण झालेला आहे. मग तोच मंदगतीस कारण कसा ठरतो?

४. कॅशेमुळे मंदगती केव्हा येते?

याची कारणे प्रामुख्याने दोन आहेत.

पहिले कारण साठवण भरत येण्याचे. अनेक स्मार्ट संचांत एकूण साठवण केवळ ८ गिगाबाइट असते आणि तिचा मोठा भाग कार्यप्रणालीच व्यापते. ही साठवण फ्लॅश प्रकारची असते. फ्लॅश स्मृतीत जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही; आधी एक संपूर्ण गट पुसावा लागतो. मोकळे गट पुरेसे असतील, तर हे काम सहज होते. जागा भरत आली की गटातील उपयुक्त मजकूर आधी अन्यत्र हलवावा लागतो, मग गट पुसावा लागतो आणि नंतरच नवे लेखन होते. एका लेखनामागे अनेक क्रिया घडल्याने संच अडखळतो. अँड्रॉइड प्रणाली जागा अपुरी पडल्यास कॅशेतील प्रती आपण होऊन काढू शकते; परंतु ही वेळ येईपर्यंत मंदगती जाणवू लागलेली असू शकते.

दुसरे कारण कॅशे दूषित होण्याचे. लेखन चालू असताना वीज गेली किंवा ॲपची आवृत्ती बदलली, तर जुन्या वा अर्धवट प्रती शिल्लक राहण्याची शक्यता असते. अशा वेळी बहुधा एकच ॲप अडते, वारंवार बंद पडते. इतर ॲपे सुरळीत चालतात.

या दोन प्रसंगी कॅशे साफ करणे हा योग्य उपाय होय. अन्य प्रसंगी त्याचा फारसा उपयोग होत नाही.

५. निदान : तीन लक्षणे

(अ) मुखपृष्ठ व सेटिंग्ज यांसह सर्व काही मंद असेल, तर दोष संचाच्या कार्यस्मृतीत वा साठवणीत आहे.

(आ) मुखपृष्ठ सुरळीत असून एकच ॲप मंद असेल, तर त्या ॲपचा कॅशे संशयास्पद आहे.

(इ) ॲप झटकन उघडते, परंतु चित्रफीत मध्येच थांबून चक्र फिरत राहते, तर दोष बहुधा जोडणीचा आहे. उच्च दर्जाच्या चित्रफितीसाठी सेकंदाला साधारण ५ मेगाबिट वेग लागतो. एकाच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संच व इतर उपकरणे चालत असतील, तर कॅशे कितीही साफ केला तरी हा वेग वाढत नाही. येथे चित्रफितीचा दर्जा कमी करणे किंवा ती आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन येणे, हाच मार्ग उचित ठरतो.

६. कार्यपद्धती

पहिली पायरी पुनरारंभाची आहे. रिमोटचे बटण दाबल्यावर पडदा काळा होतो; परंतु अनेक संच तेव्हा पूर्णतः बंद न होता अर्धनिद्रेत जातात आणि कार्यस्मृती जशीच्या तशी राहते. कार्यस्मृती व साठवण या दोन भिन्न गोष्टी आहेत. कॅशे साफ केल्याने साठवणीत जागा होते, तर पुनरारंभाने कार्यस्मृती मोकळी होते. म्हणून सेटिंग्जमधील 'रीस्टार्ट' हा पर्याय वापरावा, किंवा संच बंद करून मुख्य बटण मिनिटभर बंद ठेवावे. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

दुसरी पायरी साठवण तपासण्याची. गूगल टीव्ही प्रणालीत 'सेटिंग्ज – सिस्टम – स्टोरेज' येथे शिल्लक जागा दिसते. न लागणारी ॲपे प्रथम काढून टाकावीत; कॅशे पुन्हा भरतो, काढलेले ॲप मात्र कायमची जागा सोडते.

तिसरी पायरी कॅशे साफ करण्याची. 'सेटिंग्ज – ॲप्स – सर्व ॲप्स पाहा' येथे जाऊन संबंधित ॲप निवडावे व 'क्लिअर कॅशे' हा पर्याय घ्यावा. संचाच्या निर्मात्यानुसार व आवृत्तीनुसार ही नावे थोडीफार बदलतात. टायझेन व वेबओएस या प्रणालींच्या संचांत प्रत्येक ॲपसाठी असा पर्याय मिळेलच असे नाही. तेथे पूर्ण पुनरारंभ, अथवा ॲप काढून पुन्हा बसविणे, हे पर्याय उरतात.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. 'क्लिअर कॅशे' या पर्यायाजवळच 'क्लिअर डेटा' हा पर्याय असतो. पहिल्याने केवळ तात्पुरत्या प्रती जातात. दुसऱ्याने लॉगिन, निवडी आणि ॲपने आपल्या जागेत उतरवून ठेवलेले पाठही जातात. तासिकेच्या तोंडावर ही चूक झाल्यास परवलीचा शब्द कोणाकडे आहे, या शोधातच तासिका संपते. उलटपक्षी, कॅशे साफ केल्याने लॉगिन जात नाही, हेही ध्यानी ठेवावे. सामायिक संचावर वैयक्तिक खाते उघडणाऱ्या अध्यापकाने ते स्वतंत्रपणे बंद करणे आवश्यक आहे.

७. तारतम्य व मर्यादा

दररोज कॅशे साफ करण्याची सवय उपकारक नाही. मिसळणाचा डबा रोज रिकामा केला, तर रोज कोठीत जावे लागेल. कॅशे साफ केल्यानंतर ॲप प्रथम उघडताना सर्व प्रती पुन्हा इंटरनेटवरून आणते. त्यामुळे ते काही काळ अधिक संथ वाटते आणि डेटाही खर्च होतो. शहरातील वेगवान जोडणीवर हा तोटा जाणवत नाही. ग्रामीण भागात मोबाइलच्या डेटावर चालणाऱ्या वर्गात मात्र तो जाणवतो. जोडणी जितकी दुबळी, तितका कॅशे मोलाचा. म्हणून हे काम गरजेपुरते, आणि तेही तासिकेपूर्वी नव्हे, तर आदल्या सायंकाळी करावे. त्यानंतर लागणारे ॲप एकदा उघडून ठेवावे.

शिवाय संचाचे वयही विचारात घ्यावे लागते. ॲपे दरवर्षी जड होतात. संचाचा प्रक्रियक मात्र खरेदीच्या दिवशी होता तोच राहतो. ही दरी कोणत्याही स्वच्छतेने भरून येत नाही. अशा संचाला एचडीएमआय मार्गाने संगणक किंवा स्वतंत्र उपकरण जोडल्यास जुना पडदा आणखी काही वर्षे काम देतो. संच टाकून देणे हा अखेरचा पर्याय असावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये दूरचित्रवाणी संचांचाही समावेश असल्याने तो नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच जाणे अपेक्षित आहे.

८. निष्कर्ष

१) कॅशे हा संचाचा शत्रू नसून सहायक आहे, साठवण भरल्यास किंवा प्रती दूषित झाल्यासच तो साफ करावा.
२) निदान आधी व उपाय नंतर, हा क्रम पाळल्यास बराच वेळ वाचतो.
३) पुनरारंभ, नको असलेली ॲपे काढणे, कॅशे साफ करणे आणि सर्वांत शेवटी 'क्लिअर डेटा', असा चढता क्रम ठेवावा.
४) प्रत्येक संस्थेत संचाच्या देखभालीची जबाबदारी एका निश्चित व्यक्तीकडे असावी आणि संचाशेजारी लहानशी नोंदवही ठेवावी.

वर्गातील संच हा शोभेसाठी नाही. खर्ड्याच्या विद्यार्थ्याला आपल्याच गावाच्या वेशीवर १७९५ मध्ये काय घडले, हे नकाशावर पाहावयाचे असेल, तर त्या दहा मिनिटांचे मोल आहे. ती वाचविण्यासाठी तंत्रज्ञाची वाट पाहण्याची गरज बहुधा नसते. संचाचे अंतरंग थोडे समजून घेण्याची गरज मात्र निश्चितच असते.