खांब पळतो, बदनाम बिजागरी

फाटक उचलून लावायची सवय एकदा अंगात मुरली की आपण ते उचलतोय हेही ध्यानात येत नाही. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचा गोठा आहे. त्याला १० फुटी, एकाच पल्ल्याचं लोखंडी फाटक. ट्रॅक्टर, ट्रॉली, दुधाच्या मोटारसायकली, म्हशी, दिवसभर उघडझाप. लावताना वरची पट्टी धरायची, खालून गुडघा द्यायचा, पल्ला जरा उचलायचा आणि कडी कोयंड्यात ढकलायची. ३ वर्षांत दोनदा बिजागऱ्या बदलल्या, दरवेळी आधीपेक्षा जाड. तिसऱ्यांदा बोलावलेल्या वेल्डिंगवाल्यानं मशीन गाडीवरून उतरवलंच नाही. खांबाला ओळंबा लावला आणि म्हणाला, "काका, कब्जा बदलून काय व्हतंय? खांबच पळालाय की."

५ फुटांच्या उंचीत खांब १ इंच आत कलला होता. वाटतो किरकोळ, पण त्याच प्रमाणात १० फुटी पल्ल्याचं टोक २ इंच खाली येतं. मग कडी कोयंड्याला कशी सापडणार?

खांब पळतो तो काळ्या मातीमुळे. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं. मे महिन्यात आपल्याकडच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगून वर येते. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशा जमिनीसाठी पायाचे खांब विकसित केले. ते सुमारे साडेतीन मीटर खोल नेतात आणि तळाशी कांद्यासारखे फुगीर करतात. ऋतूप्रमाणे ओल बदलते त्या थराच्या खाली त्यांची पकड राहते. आणि आपण? १९७२ पासून ज्या गावात अख्खं कृषी विद्यापीठ आहे, त्या गावात फाटकाच्या खांबाला २ फुटांचा खड्डा पुरे म्हणतो!

फाटकासाठी कोणी साडेतीन मीटर खणणार नाही. पण मुरूम जवळ लागत असेल तर तिथवर जावं. नसेल तर दोन्ही खांब जमिनीखालून सळईच्या काँक्रीट बीमनं जोडावेत, म्हणजे हलले तरी जोडीनं हलतील. खड्डा उकरलेल्या काळ्या मातीनंच बुजवण्याची चूक मात्र सर्रास होते. तिथे मुरूम घालून ठोकायला हवा.

आता बिजागरीकडे. समजा पल्ला १०० किलोचा, १० फूट रुंद, आणि दोन बिजागऱ्यांत ४ फुटांचं अंतर. वजनाचा मध्य खांबापासून ५ फुटांवर. तेव्हा वरच्या बिजागरीला खांबातून उपटू पाहणारी ओढ भरते १२५ किलो. कोणी पोर पल्ल्याच्या टोकाला लोंबकळलं की आणखी. हेच फाटक ५-५ फुटांचे दोन पल्ले करून लावलं तर दर बिजागरीवरची ओढ ३१ किलोंवर येते. जाड बिजागरीला पैसे घालण्याआधी हा हिशेब करायला हवा होता, असं आता वाटतं.

किल्ल्यांचे जुने अजस्र दरवाजे लटकत नसत, उभे असत. पल्ल्याचाच खुंट दगडी खळग्यात फिरे आणि वजन सरळ जमिनीवर जाई. आजचा चांगला कारागीर खालच्या बिजागरीत बेअरिंग किंवा पोलादी गोळी बसवतो ती त्याच जातीची युक्ती: वजन खालच्यानं पेलायचं, वरच्यानं नुसतं धरायचं. पल्ल्याला तिरकी सळई देणार असाल तर ती वरच्या बिजागरीपासून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे जावी. उलटी लावली की दाबानं वाकते आणि पल्ला तसाच लोंबतो. मोकळ्या टोकाला चाक लावायचा सल्ला खूप जण देतात. सिमेंटच्या अंगणात ठीक आहे. आपल्या चिखलात आषाढात ते चाक शोधावं लागतं.

गोठ्याचं आणखी एक दुखणं असतं. म्हैस अंग घासता घासता मान खाली घालते आणि शिंगानं पल्ला अलगद वर उचलते. दोन्ही बिजागऱ्यांच्या पिना वर तोंड करून असतील तर फाटक निघून हातात येतं. वरची पिन खाली तोंड करून बसवली की हा खेळ संपतो.

कडीचं म्हणाल तर घट्ट बसणारी कडी दुकानात छान दिसते. रोजच्या राबत्यात ढिली हवी. खालचा बोल्ट जमिनीतल्या ज्या पाइपात उतरतो तो तळाला उघडा ठेवून खाली खडी घालावी, नाहीतर एका पावसात चिखलानं भरतो.

आम्ही शेवटी दोन पल्ले केले, खालून बीम टाकला आणि कोयंड्याला गोल भोकाऐवजी दीड इंचाची उभी फट ठेवली. पावसाळ्यात कडी फटीच्या मधोमध बसते, एप्रिलात खालच्या काठाला टेकते. एका बोटानं लागते. माझा गुडघा मात्र अजून आपोआप पुढे जातो.